तळघराचा एपिसोड बी ग्रेडच

सुगंधे, आपलं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, जावा असून बहिणींसारख्या राहिल्या, घरात कधी आवाज म्हणून चढला नाही. मी मान डोलावते. घरात आवाज चढायचा नाही, कारण तो सगळा बसमध्ये आणि गोडाऊनमध्ये चढवूनच आपण घरी यायचो. जावा-जावा उभा दावा म्हणतात. आपलाही होताच की. फक्त तो चुलीवरून नव्हता, दागिन्यांवरून नव्हता, कार्टूनवरून होता. हे या बायकांना कसं सांगू? रडता रडता मध्येच मला हसू येतं आणि पदर तोंडात धरावा लागतो. त्यांना वाटतं, हुंदका आवरतेय.

काल तुझं दहावं झालं. खाडीवर जे घडलं ते एव्हाना सगळ्या अंजूरला कळलंय, पण ते का घडलं हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणून लिहायला बसले. सुतकात दुसरं करण्यासारखं आहे तरी काय? टीव्हीवर आयने चादर टाकलीय. फोडणीचा वास नाही, मशीनचा आवाज नाही. कोणी ना कोणी पिठलं-भात आणून देतं आणि तो खाऊन आम्ही पुन्हा भिंतीला टेकून बसतो. आय दाराजवळ बसते. सासू घरात असली की दार असून नसल्यासारखं असतं, असं तूच म्हणायचीस.

मागच्या खिडकीशी तुझी चटई अजून तशीच आहे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा त्या खिडकीतून खाडी दिसायची, आठवतं ना? भरती आली की पाण्याचा वास थेट सैपाकघरात यायचा. आता हात बाहेर काढला तर गोडाऊनच्या पत्र्याला लागतो. डावीकडे पत्रा, मागे पत्रा, उजवीकडे ट्रेलर उभे करायचं मैदान. आजूबाजूची सगळी घरं उठून गेली, कोणी कोनला फ्लॅट घेतला, कोणी कल्याणला. आपण तेवढे राहिलो, कारण सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना.

तू तेव्हा नवी होतीस, माझ्या मागे उभी होतीस. पिंड मांडून ऊन चढलं तरी कावळे लांब झाडावर बसलेले. ज्याने त्याने काय काय कबूल केलं. शेवटी आय पुढे झाली आणि म्हणाली, "घर इकनार न्हाय. मरेपर्यंत हितंच रेन." आणि एक कावळा आला. झालं. शेत गेलं, बांध गेले, पण घराला कोणी हात लावला नाही. कावळ्यापुढे दिलेला शब्द आपल्या घरात मोडत नाहीत. तू पुढे बऱ्याचदा त्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचीस, "एका कावल्यानं आपल्याला डब्यात घातला, वयनी." मी तुला दटावायचे, पण आतून पटायचं.

त्या डब्यातून बाहेर पडायची वाट तूच काढलीस. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये बायका घेतायत हे तूच ऐकून आलीस. मला काही बोलायची हिंमत नव्हती. तू आयचे पाय चेपता चेपता विषय काढलास, एक दिवस, दोन दिवस, सुपारीसारखा कातरत कातरत. आयने अखेर परवानगी दिली, पण तीही अट घालूनच: "दोघी जात असाल तं जा. एकटी कोनी जायाचा न्हाय. एक आजारी परली तं दुसरीनं पन घरात बसायचा." तू लगेच हो म्हणालीस. मला म्हणालीस, "मना कधी ताप आला तं मी बसमध्ये झोपन, पन तुझी सुट्टी होऊ देनार न्हाय." आणि खरोखर एकदा फणफणत्या अंगाने आलीही होतीस.

आपल्याला रिटर्नला बसवलं. लोकांनी मागवलेल्या आणि नको म्हणून परत पाठवलेल्या वस्तू उघडायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि ग्रेड द्यायची. धड असेल तर ए, खरचटली असेल तर बी, कामातून गेली असेल तर स्क्रॅप. पहिल्या दिवशी तू सगळ्यालाच ए दिलंस. म्हणालीस, एवढ्या लांब जाऊन आलीय बिचारी वस्तू, तिला नावं कशी ठेवायची. सुपरवायझरने डोक्याला हात लावला. पण महिन्याभरात तुला ग्रेड द्यायची अशी खोड जडली की घरातल्या भाकरीलाही तू ग्रेड द्यायला लागलीस. माझी भाकरी बी. तुझी ए. आयची काही झालं तरी ए, कारण आय ऐकत असायची.

मग तुझ्या लेकीला, तन्वीला, कावीळ झाली आणि ती अंथरुणात पडून दिवसभर ते कार्टून बघायला लागली. सात भिंतींचं शहर. हिंदीत केलेलं, पण माणसांची नाकं-डोळे कुठल्या तरी परक्या मुलखातले. तन्वी बरी झाली, शाळेत गेली, तिचं त्यातलं मन उडालं. तुझा जीव मात्र अडकला तो अडकला. तू ते फोनमध्ये उतरवून घेतलंस आणि बसमध्ये मला एका कानात घालायला दिलंस. एका वायरची दोन बोंडं, डावं मला, उजवं तुला. कंपनीची बस कंटेनरांच्या रांगेत अडकली की सगळा रस्ता शिव्या घालायचा आणि आपण दोघी खूश. रस्ता मोकळा मिळाला की तुझा चेहरा पडायचा. "आज तं लवकर पोचवतोय मेला," म्हणायचीस.

तन्वीने फोनमध्ये फक्त दुसरा सीझन ठेवला होता. पहिला आपण पाहिलाच नाही. शहराभोवती सात भिंती आहेत, आत माणसं कोंडलीत, दाराच्या राखणदाराची पोर नीरा आणि तिच्यासोबत मातीचा एक राक्षस, जो भिजला की सगळं विसरतो, हे दोघं एकेका भिंतीतून वाट काढतायत, एवढं आपल्याला कळलं. पण माणसं मुळात आत अडकली कशी, हे पहिल्या सीझनमध्ये. मी म्हटलं, तन्वीला सांग, तो पण उतरवून दे. तू म्हणालीस, "कशाला? आपून तरी बघितला का, कसे अडकलो ता? डोला उघडला तवा आतच होतो." मग मी पुन्हा विषय काढला नाही.

एपिसोडांना नंबर लावायचा नाद मात्र गोडाऊनमधला. गेटवर फोन काढून घेतात, लॉकरमध्ये टाकतात, दिवसभर हाताशी फक्त तोंड. हात बॉक्स फाडतायत आणि तोंड एपिसोडांना ग्रेड देतंय. आरशांचा एपिसोड ए. समुद्री घोड्याचा बी, कारण घोडा बोलायला लागल्यावर बिघडला. पुलाचा एपिसोड तुला अजिबात आवडला नव्हता. मी त्याला ए देत होते. एवढ्या उंच पुलावरून ती पोर डोळे मिटून चालते, आणि तू म्हणतेस त्यात काय. मी हट्टाला पेटले, तू माझ्याहून जास्त. अखेर तू मोठ्याने ओरडलीस, "स्क्रॅप! स्क्रॅप म्हंजे स्क्रॅप!" आणि ट्रॉलीवाल्या इम्तियाजने आपल्या समोरचा कोराकरकरीत मिक्सर उचलून स्क्रॅपच्या पिंजऱ्यात टाकला.

सुपरवायझर धावत आला. "ये मिक्सर तो नया है. स्क्रॅप किसने बोला?"

"भाभी ने बोला," इम्तियाज.

"मैं पूल को बोली," तू म्हणालीस. हिंदी बोलताना तुझी मान उगाच ताठ व्हायची.

"कौन सा पूल?"

आता काय सांगणार? मी सांगितलं, घरातली गोष्ट आहे, साहेब. त्याने दोघींकडे बघितलं, मिक्सर बाहेर काढायला लावला आणि आपली टेबलं वेगळी करायची धमकी देऊन गेला. त्या दिवसापासून इम्तियाज येता-जाता हळूच विचारायचा, "भाभी, आज कौन सा नंबर पे चल रहा है?" त्याने ते कार्टून बघितलं नव्हतं, पण तो तुझ्या बाजूने होता. तुझ्या बाजूने सगळेच असायचे.

आणि मग तळघराचा एपिसोड.

सुगंधे, मी आजही सांगते, त्यात काहीच होत नाही. बाहेर राखेचा पाऊस, म्हणून नीरा, मातीचा राक्षस आणि शत्रूचा एक शिपाई तेल्याच्या तळघरात अडकतात. दार बंद. बस, संपलं. शिपाई नीराची तुटलेली चप्पल शिवतो. राक्षस तोच एक विनोद पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपण सांगितलाय हे त्याला आठवत नाही, आणि ती दोघं दर वेळी हसतात. शेवटी राख थांबते, दार उघडतं. तरी कोणी उठत नाही. तिथेच एपिसोड संपतो. मी तर बोंड कानातून काढून झटकून बघितलं, मला वाटलं फोन बंद पडला.

बस खाडीपुलाच्या अलीकडे उभी होती. तू म्हणालीस, "यो पयला."

"यो? ह्यात हाय काय?"

"दार उघडला तरी उठत न्हाय कोन. ता बघ ना, वयनी."

"ताच तं. एवढा येल कोंडून घेतला, दार उघडला, आन बसून रेतात. मूर्ख न्हाय तं काय. मी असते तं चप्पल तिथंच टाकून पलाले असते."

"तू पलाली असतीस," तू म्हणालीस, "ता मना म्हायती हाय." आणि हसलीस. मला तेव्हा राग आला होता. असा कसा कोणाला आवडेल, कोंडून राहण्याचा एपिसोड? घरात पत्रा, बसमध्ये कंटेनर, कामावर फोनसुद्धा लॉकरमध्ये, आणि हिला कार्टूनमध्येही तळघर पाहिजे. मला तर भिंतीचाच एपिसोड पहिला. सातव्या भिंतीवर राक्षस स्वतःचं अंग आपटतो, भिंत फुटते आणि समोर समुद्र. नुसता समुद्र. मी बसमध्ये रडले होते, तू पाहिलंस. पलीकडच्या सीटवरच्या बाईने मला पाणी दिलं. तुला मात्र त्यातही खोट दिसली. "सगली धावत सुटली समुद्राकडं. राक्षस फुटला त्याचा काय? त्याचं तुकडं कोनी उचललं? एकानं पन मागं वलून बघितला न्हाय. बी ग्रेड."

यावर आपण पावसाळाभर भांडलो. तू माझ्या डब्यातली चटणी घेऊन भांडलीस, मी तुझी वेणी घालून देता देता भांडले. शेवटचा एपिसोड आपण मुद्दाम राखून ठेवला होता. आधी वरचा नंबर ठरू दे, मग बघू, असं तूच म्हणालीस. मला वाटतं तुला ते संपवायचंच नव्हतं.

तुझ्या तापाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते सगळे बोलतात, येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि आय पहिल्यापासून सांगते. मला फक्त दवाखान्यातली ती काच आठवते. आत एकेकालाच सोडत होते आणि माझी पाळी आली नव्हती, म्हणून मी आणि आय काचेबाहेर उभ्या होतो. तुझ्या तोंडावर मास्क. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस आणि एक बोट वर केलंस. आयने कपाळावर हात मारून घेतला. "वर बोलावतोय म्हनते," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. मला कळलं तू काय म्हणतेयस. मी दोन बोटं दाखवली. तुझे डोळे हसले, सुगंधे, मी शपथेवर सांगते, हसले. तू पुन्हा एकच बोट वर केलंस. माझी पाळी यायच्या आधी तू गेलीस. त्या काचेतून बोललेलं ते आपलं शेवटचं, आणि त्यात मी तुझ्या तळघराला दोन नंबर दिला. मला त्याचं वाईट वाटत नाही. खोटं बोलले असते तर तू ओळखलं असतंस.

पण आत काय भरून आलंय ते तुला सांगते. तुझ्याशिवाय मला करमत नाही. उजव्या बाजूला कोणी नसलं की मान आपोआप वळते. मला माहेरी बहीण नव्हती, मैत्रीण करायला कधी वेळ नव्हता, आणि चाळिशी उलटल्यावर तू मला कार्टून दाखवलंस. आयुष्यात माझं मत पहिल्यांदा कोणी विचारलं ते तू, आणि तेही समुद्री घोड्याबद्दल. तुला हे कधी बोलले नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

सुतकाचे हे दिवस तुझ्या त्या तळघरासारखेच गेले. घर भरलेलं आणि श्वास घ्यायला जागा नाही. कोणी उठत नाही, कोणी काही करत नाही. तुझा भाऊ चपलेचा अंगठा शिवत बसला होता, मी बघतच राहिले. तुझी मावशी तीच ती गोष्ट सांगते, तू लहानपणी विहिरीत कशी पडलीस आणि हसत कशी वर आलीस, आणि सगळे दर वेळी नव्याने ऐकतात. एकदा मलाही हसू आलं. एकदा वाटलं, सुगंधाला हेच दिसलं असेल का? माणसं अशी जवळ बसलेली? पण मग आयने दारातून हाक मारली, "कुठं चाललीस?" मी नुसती अंगणातल्या दोरीपर्यंत निघाले होते. आणि पुन्हा माझं मत पक्कं झालं.

त्याच दुपारी तिने माझ्या नवऱ्याला सांगितलं, मी ऐकावं अशा बेताने. "आता मालती एकटी कुठं जाते कामावर? दोघी असत्या तं गोष्ट येगली." तो कधीच बोलत नाही, त्याला वाटतं गप्प बसणं म्हणजे मोठेपणा. मी तरी काय म्हणणार? ठरलं होतंच तसं. तूच हो म्हणाली होतीस. एक नसली की दुसरीनेही घरात बसायचं. तुझ्या जाण्याने माझंही दार लागलं आणि त्याची कडी आपणच आपल्या हाताने लावून ठेवलेली. मागच्या खिडकीशी गेले, पत्र्यावर कपाळ टेकलं. तापलेला होता. गोडाऊनच्या आतून ट्रॉलीचा आवाज येत होता.

आणि काल सकाळी खाडी.

आपल्याकडे बायका दहाव्याला येतात, पण मागे उभ्या राहतात. मीही मागे होते, तन्वीचा हात धरून. भटजींनी पिंड मांडला, शेजारी तुझ्या आवडीचा चहा आणि बटर. कावळे होते. गोडाऊनच्या कंपाऊंडवर ओळीने बसलेले, खाली बघत. एकही येईना. तुझ्या नवऱ्याने हात जोडून सांगितलं, तन्वीला शिकवीन. नाही. तुझा भाऊ म्हणाला, भाचीला काही कमी पडू देणार नाही. नाही. ऊन चढलं. चहावर साय धरली. लोक आपापसात बोलायला लागले, जीव कशात अडकलाय बाईचा?

मग आय पुढे झाली. तिने पदर सारखा केला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सुगंधे, पोरीची कालजी करू नको. तुझी वयनी आता घरातच रेल. कामाला जानार न्हाय. पोरीला सांभालून घरात रेल."

सुगंधे, हा तर कावळ्यापुढे दिलेला शब्द. आता एक जरी कावळा खाली उतरला तरी माझं संपलं, मरेपर्यंत, सासऱ्यांच्या घरासारखं. मी त्या कंपाऊंडकडे बघत राहिले आणि तिथेच मागे उभी राहून मनात म्हणत होते, येऊ नको. बाई, येऊ नको. अशी कुठली जाऊ असते, जी जावेच्या दहाव्याला येऊ नको म्हणते?

तू आली नाहीस.

आयने पुन्हा सांगितलं. जागचा एक हलला नाही. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भ हातात घेतला आणि त्याचा कावळा वळायला लागले. म्हणाले, करू या दर्भाचाच, शब्द पोचल्यासारखाच. गवताच्या कावळ्याने पण मला डब्यात घातलं असतं. मी तन्वीचा हात सोडला, चपला काढल्या आणि माणसांमधून पुढे गेले. कोणी तरी "अगं, अगं" म्हणालं. मी पिंडासमोर उकिडवी बसले आणि तुझ्याशी बोलले, बसमध्ये बोलायचे तशी, तोंडातल्या तोंडात.

"सुगंधे, तन्वीला मी बघीन, ता सांगायला नको. पन मी शिफ्टला जानार. एकटी जानार. आन तुझा तलघराचा एपिसोड बी ग्रेडच हाय. भिंतीचा पयला. पटत नसंल तं ये."

उठून मागे वळले तोच डोक्यावरून वारा गेला. कावळा पिंडाशी बसला होता. त्याने आधी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, मग बटरचा तुकडा उचलला, टाकला, आणि भातात चोच खुपसली. चहाचा कप लवंडला. मागोमाग कंपाऊंडवरचे सगळे उतरले आणि जो काही कलकलाट झाला, भटजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला.

"काय बोललीस तिला?" आय माझ्याजवळ आली.

"बोलले, पोरीला बघीन. आन कामावर जाईन. एकटी."

पुढचं मी सांगितलं नाही.

माझ्या नवऱ्याला नेमकं तेव्हाच तोंड फुटलं. "आय, कावला बसायला आन फांदी मोडायला..." तो एवढंच म्हणाला. आयने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची फांदी तिथेच राहिली. "बाबाच्या वक्ताला न्हाय बोललास ता? तवा कावला खरा, आन आता खोटा?" मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात: "तिनं आयकला तं मी कोन नको बोलनारी. पन पोचल्यावर फोन कर. लॉकरमध्ये टाकायच्या आधी." एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला धरलं. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा धरलं असेन. ती हलकी आहे गं, खूप हलकी. दाराजवळ बसलेली असते तेव्हा कळत नाही.

आता घरात सगळे म्हणतात, सुगंधाचा जीव वयनीच्या कामात अडकला होता. किती माया. मी ऐकून घेते. मी तुला दोन गोष्टी सांगितल्या, एक कामाची आणि एक एपिसोडची, आणि तू आलीस. कुठल्या गोष्टीसाठी आलीस ते मला पक्कं माहीत आहे. ज्या तऱ्हेने चहा लवंडलास त्यावरूनच कळलं. पण आयला हे मी मरेपर्यंत सांगणार नाही, आणि मेल्यावर तुला भेटले की आपण तिघी बसून काय तो निकाल लावू.

एक गोष्ट तेवढी कबूल करते. आज सकाळी तुझ्या साड्या आवरल्या, तन्वीचं दप्तर बघितलं, तिच्या डोक्याला तेल लावलं. तुझ्यासारखी वेणी मला जमत नाही, तिने आरशात बघून रिबिनीची गाठ तेवढी सरळ केली. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि मला उठता येईना. दार उघडंच होतं. आय अंगणात होती, कोणी अडवायला नव्हतं. मी तशीच बसून राहिले आणि मला त्या राक्षसाचे तुकडे आठवले. तेवढं तुझं बरोबर होतं. ते उचलायला कोणी तरी मागे वळायला हवं होतं. भिंतीच्या एपिसोडचा अर्धा मार्क मी कापलाय. तरी पहिला तोच.

तेरावं झालं की सोमवारी बस धरीन. तन्वीने तुझा फोन मला दिलाय, राखून ठेवलेला एपिसोड त्यातच आहे. डावं बोंड कानात घालीन, उजवं मांडीवर राहील. बस कुठे तरी अडकेलच, तेव्हा लावीन. नंबर मी एकटीच देणार, तुला विचारणार नाही. पटला नाही तर गोडाऊनच्या कंपाऊंडवर ये. मी टेबलाशी असेन.